कूलर

इंदोऱ्याच्या अभ्यासिकेत, रविवारी,
स्पर्धा परीक्षावाले जेवायला गेले की
दोन ते चार हॉल माझा.
फळ्यावर त्यांचं चक्रवाढ व्याज तसंच असतं.
उरलेल्या कोपऱ्यात मी लिहिते : प्रतिमा.
सगळे वहीत उतरवून घेतात,
खाली पट्टीनं रेघ मारतात.
हर्षाली विचारते, ताई, हे पेपरात येते का?

मी बीएस्सी फायनलला.
केमिस्ट्री राहिली आहे, हे त्यांना माहीत नाही.
माझी कविता मी अजून कुणासमोर म्हटलेली नाही,
हेही नाही.
तरी सांगते : पाय रोवा, श्वास पोटातून घ्या,
ओळ संपली की मनात दोन आकडे मोजा.
माईक म्हणून पाण्याची रिकामी बाटली,
हातोहात फिरून चेपलेली.

मे महिना, शेहेचाळीस.
खिडकीत लोखंडी कूलर,
ओल्या वाळ्याचा वास
आणि खडखड अशी
की अर्धी ओळ ऐकू येते, अर्धी पातं खातं.
निकहत बहिणीच्या रुखसतीवर बोलली,
आम्हाला फक्त 'मेंदी' आणि 'दार' मिळालं.
मी म्हटलं, मोठ्यानं.
ती म्हणाली, मोठ्यानं बोलले तर ती दुसरीच गोष्ट होते.
याचं उत्तर माझ्या नोट्समध्ये नव्हतं.

सुगत मेश्राम. शेवटची रांग.
तीन रविवार नुसता बसून.
'क'वर अडतो,
म्हणजे 'कविता' म्हणतानाच.
आज उठला, बाटली न घेता
थेट खिडकीकडे गेला
आणि बटण खट्.

काऊन बे, मारतं का गर्मीनं!
पातं फिरत फिरत थकलं.
टाकीत थेंब पडत राहिले, मग तेही नाही.
वरून मेट्रो गेली, पहिल्यांदाच कळलं.

"क... क...
कूलर," तो म्हणाला, "माह्या बापाचा हाय.
म्हणजे मालकीचा नाही.
याची मोटर त्यानं बांधली.
मार्च ते जून तो साऱ्या नागपूरले गार हवा देते,
आमच्या घरी टेबल फॅन.
जुलैत लोकं क... क... कूलरवर चादर टाकतात,
माय त्याच्यावर टाकते.
भितीकडं तोंड करून पडला राहते.
फोन वाजला तर उठते.
वाजत नाही.
मले म्हणते, पंप अडकला तर ठोकायचा नाही, पोट्ट्या.
गाळ काढायचा. थांबायचं.
पाणी आपलं आपण चढते."

दोन आकडे कधीच उलटून गेले होते.
कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता,
कुणी पुसला नाही.
बटण हाताच्या अंतरावर होतं.
निकहत तिथेच बसल्या बसल्या बोलू लागली,
तिच्याच आवाजात, तेवढ्याच हळू,
आणि या वेळी दाराच्या आत कोण उभं होतं तेही आलं.

चारला पोरं परतली.
कूलर कुणी बंद केला बे, म्हणाली,
'प्रतिमा' पुसून त्यांनी टक्केवारी सुरू केली.
हर्षालीच्या वहीचं पान कोरं.
तिनं त्यावरही रेघ मारली होती.

रात्री रूमवर मी पंखा बंद केला.
लाइट गेली का गं? रूममेटनं अंधारात विचारलं.
नाही, म्हटलं.
आणि थांबले.