पथारीवरचा लेख

पहिल्याच ओळीत मी लिहिलं होतं,
‘नंदुरबारच्या वेशीवर अंथरलाय जणू लाल गालिचा.’
झिपरू आण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला,
हिरव्या शाईनं गालिचा खोडला
आणि विचारलं,
‘गालिचावर चालाले कोन जास वं तठे?’

शहाद्याचा तो छापखाना.
पुढच्या खोलीत लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं,
मागच्या खोलीत मासिक.
वर्गणीदार चारशे अकरा, त्यातले साठेक वारलेले,
अंक तरी जातो त्यांच्या घरी.
आठवडाभर लोकांची आधार कार्डं झेरॉक्स करून
दर रविवारी मी एसटीनं तिथे जायची
लेख लिहायला शिकायला.

दुसऱ्या खेपेला मी आकडे नेले.
किती टन मिरची, किती एकर पथारी,
किती व्यापारी, किती ट्रक, कुठकुठल्या राज्यात.
आण्णांनी सगळं वाचलं, चहा मागवला.
‘हे बाजार समितीच्या फळ्यावर असतं.
वाचणाऱ्याला शिंक आली पाहिजे, पोरी.’

तिसऱ्या खेपेला शेवट बदलला,
सुरुवातीला एक कष्टकरी माय बसवली.
आण्णा बराच वेळ गप्प. मग एवढंच,
‘नाव काय तिचं?’

परतताना प्रकाशाचा पूल गेला तरी
मी खिडकीबाहेर पाहिलं नाही.
मांडीवर एक जुनं पाकीट, त्याच्या पाठीवर आण्णांचे प्रश्न:
हाताला काय लावते.
डोळ्याला खाज सुटली तर काय करते.
पाणी कोण पाजतं.
घरी गेल्यावर पोराला कसं घेते.
हा शेवटचा वाचून वाटलं, हा कसला प्रश्न.

मोगीबाई वळवी. धडगावकडची.
दिवाळीनंतर येते, मिरची संपली की जाते.
समोर ढीग, मांडीखाली गोणपाट,
तोंडाला जुन्या लुगड्याची पट्टी.
मी बसले आणि तीन मिनिटांत
नाक, डोळे, वही, सगळं वाहायला लागलं.
ती हसली. ‘नव्या माणसाला मिरची ओळखते.’

हाताला?
आधी राख लावायची, मग गोडंतेल,
आता काही नाही.
डोळ्याला?
शेजारणीची पोर पदरानं पुसते, तिचे हात कोरे.
पाणी तीच पाजते, वरून.
आणि पोराला?

देठ खुडणं थांबलं.
दोन्ही तळवे तिनं बाहेर वळवले, दूर,
कोपरांच्या बेचक्यात रिकामी हवा उचलली,
छातीपर्यंत आणली. ‘असं.’
मग ती हवा
हळूच खाली ठेवली.

लेख छापून आला, पान सतरा.
आण्णांनी एकच शब्द काढला: हळूच.
मी भांडले.
ते म्हणाले, ‘तू कोपर लिहिलंस ना? त्यात आलं ते.’
असेल.
पण ही कविता आण्णांच्या हाताखालून जाणार नाही,
म्हणून इथे तो शब्द ठेवलाय.

अंक घेऊन पथारीवर गेले.
मोगीबाईनं आधी कागदाचा वास घेतला.
मग तिच्या सातवीतल्या पोरीनं वाचला, बोट ठेवून,
आपलं आडनाव आल्यावर दोनदा.
कोपराच्या ओळीशी कोणी काही बोललं नाही.
पुढे आलं, ‘देठ खुडायचे किलोला सहा रुपये.’

‘सात,’ मोगीबाई म्हणाली.
‘मागच्या गुरुवारपासून सात.
आम्ही सगळ्या उठून उभ्या राहिलो, तेव्हा झाले.’

हे कुठे होतं माझ्या लेखात?
मी पेन काढलं.
तिच्या अंकात सहा खोडून सात केले,
समासात तारीख घातली, जागा होती तेवढ्यात
‘उठून उभ्या राहिल्या’ एवढं बसवलं.

चारशे अकरा अंकांत एकच अंक बरोबर आहे.
तो पत्र्याच्या भिंतीला खोचलेला,
काढून वाचायला गेलं तर शिंक येते.

आण्णांना अजून सांगितलेलं नाही.