राक्षसराजाचा आवाज

एकतीस वर्षं मी स्वारगेटला गाड्या पुकारल्या.
आता नारायण पेठेत, एका तळघरात,
भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेल्या खोलीत
मी राक्षसराज आहे.
तासाला साडेचारशे. चहा त्यांचा.

गोष्ट जपानी, चित्रांची, आणि ठार चक्रम.
एक पोरगा रस्ता ओलांडतो, ट्रक येतो,
पोरगा मरतो,
डोळे उघडतो तो थेट दुसऱ्या जगात.
तिथं एक देवी, टेबलावर पाय टाकून कुरमुरे खातेय.
म्हणते, एक वर माग, लवकर, माझी सुटायची वेळ झाली.
हा गांगरून विचारतो, "आधी पाणी मिळेल का?"
झालं. वर खर्च.
त्याचा पेला कधी रिकामा होत नाही, एवढीच त्याची शक्ती,
आणि तेवढ्यावर त्याने मला मारायचंय.

शाल्मली, दिग्दर्शक, वय चोवीस, काचेपलीकडून सांगते,
"धुमाळकाका, अजून थोडं राक्षसी हवं.
बारामती गाडी लागल्यासारखं वाटतंय."
खरं होतं तिचं.
"हे मर्त्य मानवा" म्हणून श्वास घेतला
की पुढे आपोआप येतं,
"प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी."

शब्दांवरून रोज भांडण.
गिल्डला मी 'मंडळ' सुचवलं;
ती म्हणाली, लोक वर्गणीच्या भीतीने टीव्ही बंद करतील.
लेव्हलला 'इयत्ता' म्हटलं,
तर नापास राक्षसांचं काय करायचं, यात एक दुपार गेली.
पहिल्याच भागात मरणारा तो हिरवा, लिबलिबीत गोळा,
त्याचं नाव तेवढं एकमताने ठरलं: बुळबुळ्या.
त्याचा आवाजही मीच.
मरताना नुसतं "पुच्" करायचं.
अकरा वेळा मेलो.
निवृत्तीनंतर माणसाने काय काय करावं.

माझा मोठा संवाद सातव्या भागात.
मी सिंहासनावर, समोर वीरांची रांग,
सगळे ट्रकखाली गेलेले, सगळे निवडलेले,
सगळ्यांच्या हातात तलवार,
आणि प्रत्येकाला वाटतंय की असा आपण एकटाच.
"आज चौदावा!" मी गरजतो.
"तुमच्या जगात सिग्नल पाळत नाहीत काय रे?"
शाल्मलीने हात वर केला.
"काका, हे मूळ संवादात नाहीये."
म्हटलं, पुण्यात आहे.
ठेवलं तिनं.

रात्री टिळक रस्त्याने चालत निघालो, घसा खरवडलेला.
स्टँडवर आता मशीन बोलतं.
बाईचा आवाज, गोड. तिला कधी खोकला येत नाही.
कोल्हापूरला कोल्हापूर म्हणते, सांगोल्याला सांगोला,
दोन्हीकडे तिचं कोणी नसल्यासारखं.

जेधे चौकात, ऐन मधोमध, एक पोरगा उभा.
पाठीला सॅक, हातात डब्याची पिशवी,
दुसऱ्या हातात चिठ्ठी, पत्ता घामानं फिसकटलेला,
आणि डावीकडून दोन दिवे येताहेत, मोठे, उंचावर.
बाही धरून मागे खेचला त्याला.
सिमेंटचा ट्रक हॉर्नसुद्धा न देता गेला.
"कुठल्या जगात आहेस रे?" मी ओरडलो,
चुकून राक्षसराजाच्या आवाजात.
तो म्हणाला, "आटपाडी."
मग थोडं थांबून,
"काका, आधी पाणी मिळेल का?"

माझी बाटली दिली. घटाघटा प्यायला.
मी बघत राहिलो.
रिकामी झाली.

चिठ्ठीवर 'धनकवडी' तेवढं लागत होतं.
रिक्षाला हात केला. रिक्षावाल्याने मान हलवली,
ती पुण्याची मान, जिच्यात नाही कुठे संपतं ते कळत नाही.
मग मी छाती भरून घेतली,
बेंबीच्या देठापासून तो आवाज काढला,
फुटपाथवरचं कुत्रं उठून उभं राहिलं:
"हे मर्त्य मानवा! अंधारलोकाच्या अधिपतीची आज्ञा आहे,
मीटरने चल!"

त्याने आरशातून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.
"हाफ रिटर्न पडंल," म्हणाला.