उन्हाळी

चोपडा डेपोत बायकांच्या संडासाला कुलूप.
किल्लीवाला जेवायला गेलेला, कायमचाच.
म्हणून दिवसभरात दोन घोट,
अन् गळ्यात तिकिटाचं मशीन, फैजपूरपर्यंत उभी.

आधी नुसतं चुरचुरलं.
मग दर स्टॉपला वाटे, जावं;
गेलं की चार थेंब, विस्तवाचे,
गढूळ, भलत्याच वासाचे.

"उन्हाळी लागली तुले, दुसरं काय,"
कोकिळाआत्यानं धने-जिऱ्याचं पाणी दिलं.
मे महिना. मीही मानलं.

तिसऱ्या रात्री पत्रे धगधगत होते
आणि माझे दातावर दात वाजत होते.
बरगडीखाली, पाठीकडून,
कुणी पहार घालावी तशी कळ.
गोधडी मागितली
तेव्हा आत्या गप्प झाली.
रिक्षा तिनंच बोलावली.

झोपे डॉक्टरीण रागावल्या नाहीत.
तपासायला बाटली दिली. म्हणाल्या,
"जळजळीचा दिवस तोच यायचा दिवस.
थंडीताप, पाठीत कळ, ओकारी, लघवीत रक्त,
मग सकाळचीही वाट बघायची नाही.
अन् बरं वाटलं तरी गोळ्या संपवायच्या."

संपवल्या.

आज बाटली दोन लिटरची, अर्धी रिकामी.
बस भरलेली, ड्रायव्हर हॉर्न देतोय.
मी किल्लीवाल्याच्या डब्यासमोर उभी:
आधी कुलूप.
मग घंटी.