ओळख देणार

मार्च संपत आला की कचेरीत पाय ठेवायला जागा नसते.
एक तारखेला दर वाढणार, सगळ्यांना घर आजच हवं.
मी त्या गर्दीला वळसा घालून रेकॉर्डच्या खोलीशी येते.
जगदाळे चावी काढत विचारतो, "ताई, किती वर्षांचा शोध?"
तीस.
मुळगुंद वकील तीसच मागतात, बँकेचंही तिसात भागतं.
त्याआधी जमीन कुणाची होती
हे जमिनीलाही कुणी विचारत नाही.

आज मात्र दुवा तुटला.
मौजे हडपसर, क्षेत्र पावणेदोन गुंठे,
पूर्वेस ओढा, दक्षिणेस पायवाट, पश्चिमेस गंगूबाई हिंगणे यांची विहीर
(आता तिथे चारचाकी धुतात),
आणि शेवटी एक ओळ: "सन १९७३ च्या खरेदीखतान्वये".
म्हणून त्र्याहत्तर काढलं.
सूचीपुस्तकाची शिवण सुटलेली, कडा चहात बुडवलेल्या खारीसारख्या.

लिहून देणार, धोंडिबा.
लिहून घेणार, कुणी शहा.
आणि सगळ्यात खाली, शाई पसरलेली:
ओळख देणार, केरबा सखाराम ढमढेरे,
वय ३१, धंदा शेती.

माझ्या बापाकडे कुंडीसुद्धा नव्हती.

तो बाहेर मुद्रांकवाल्याच्या बाकाशेजारी उभा असायचा,
इस्त्रीचा एकच सदरा घालून.
साक्षीदार कमी पडला की हाक यायची: "केरबा!"
दोन रुपये आणि एक चहा.
आई म्हणायची, लोकांच्या घराखाली सह्या करतो,
आपलं भाडं कोण भरणार?

मी पुढची पानं उलटत गेले. काम सोडून.
कोथरूडच्या खतात तो व्यापारी आहे.
वानवडीच्या गहाणखतात नोकरी.
एका बक्षीसपत्रात तर चक्क "सुखवस्तू",
कुणा चेष्टेखोर लेखनिकाने घातलेलं असणार.
सही तेवढी सगळीकडे तीच,
ढ चं पोट मोठं, रे ची मात्रा उडालेली.
"लिहून देणार यांस मी व्यक्तिशः ओळखतो."
एका दिवसात सात जणांना.

त्याला स्वारगेटला ट्रकने उडवलं तेव्हा
खिशात फक्त पेन होतं.
ससूनमध्ये दोन दिवस तो बेवारस.
आई उंबऱ्यापुढे जाईना, म्हणून मी गेले.
हवालदाराने रजिस्टर पुढे सरकवलं. वय?
अठरा, म्हणाले मी.
चौदा होतं.
खाली लिहिलेलं होतं, ओळख पटवणार.
मी सही केली, ढ चं पोट जरा मोठंच आलं.

शोध अहवालात यातलं काही येत नाही.
रकाने ठरलेले: वर्ष, दस्त, बोजा.
सत्त्याहत्तरच्या पुस्तकाची अकरा पानं गेलेली,
त्यासाठी वाक्यही ठरलेलं आहे:
"सदर पुस्तक फाटलेल्या अवस्थेत असल्याने पाहता आले नाही."
बावीस वर्षं मी ते डोळे मिटून लिहिते.
आज लिहिताना पेन अडलं. मग लिहिलं.
बोजा: निरंक.

बाहेर आले तर टोकनचा आकडा ओरडत होता
आणि एक बाई यंत्रावर अंगठा घासत होती,
भांडी घासून घासून रेषाच उरल्या नाहीत.
ऑपरेटर म्हणतोय, पुसा. पुन्हा ठेवा. पुसा.
तिचा मुलगा माझ्या गळ्यातली पिशवी, कागद बघून
समोर आला.
"मॅडम, आमचा एक साक्षीदार उरळीलाच अडकलाय.
आधार आहे ना तुमच्याकडे? नुसती सही."
नाही म्हणायचा नियम आहे माझा.
मुळगुंदांनी पहिल्याच दिवशी सांगितलेला.

मी बाकावर त्या बाईशेजारी बसले.
म्हटलं, चहा सांग.
आणि तो येईपर्यंत, मावशी,
तुमचं नाव, गाव, माहेर,
सगळं सांगा.