फळ्या

जॅक आत शिरेना.
गाडी इतकी खाली, की आमची मांजरसुद्धा
पोट घासत जाते तिच्याखालून.

एउसेबियोने फळ्या आणल्या,
डामियनच्या बंक-पलंगाच्या.
एकीवर अजून डायनोसॉरचा स्टिकर.
डेन्व्हरला गेला पोरगा,
पलंग आणि गाडी इथेच, एस्पान्योलाच्या थंडीत.

पुढची चाकं फळ्यांवर चढली.
मागच्यांना गुटके.
मग जॅक, मग दोन घोड्या.

"हलव," तो म्हणाला, "जोरात.
पडायची असेल तर आत्ताच पडू दे."
मी कंबर लावून धक्का दिला.
ढिम्म.
तरी स्टेपनी त्याने आडवी सरकवलीच खाली.

आता त्याचे नुसते बूट दिसतायत.
काळं, कोमट तेल ठिबकतंय तसराळ्यात.
मी पान्हा धरून उभी,
एक पाय उगाचच
त्या डायनोसॉरवर.