सहाच्या आत

चाकणची कोंडी टाळायची तर सहाच्या आत निघायचं,
हे सगळ्यात आधी ठरलं.
कुठे जायचं, ते नंतर.

निवृत्तांना बँक दरवर्षी डायरी धाडते.
तिच्यात मी लिहिलं: दूधवाल्याला निरोप.
गॅसचा खटका. किल्ली समोरच्या दमयंतीकडे.
कढीलिंबाला तीन दिवसांत दोनदा पाणी.
आणि अगदी तळाशी, जरा अंग चोरून,
वाइन.

श्रीरंग डोकावले. "परवाना लागतो," म्हणाले,
"एका दिवसाचा मिळतो. प्रकृतीस्वास्थ्यासाठी,
असं छापलेलं असतं त्यावर."
आणि हसले, स्वतःच्याच प्रकृतीला.

दोन वर्षं झाली, त्यांना वास येत नाही.
तापात गेला तो गेलाच.
त्यांच्या नाकासमोर दूध करपलं
आणि ते शब्दकोडं सोडवत बसले होते.
डॉक्टरांनी चार बाटल्या दिल्यात हुंगायला:
लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी.
रोज सकाळी एकेक झाकण उघडतात,
वीस आकडे मोजतात डोळे मिटून,
झाकण लावतात. चेहऱ्यावर काही दिसू देत नाहीत.
जन्म सदाशिव पेठेतला;
तक्रार करायची ती फक्त महापालिकेकडे.

ओवीनं बंगळूरहून पत्रक पाठवलं,
नारायणगावच्या पुढचा कुठलासा द्राक्षमळा,
फेब्रुवारीत तोडणी.
"पहिल्या घोटात जांभूळ, मग काळी मिरी,
शेवटी जुन्या चामड्याची आठवण."
त्यांनी खणखणीत वाचलं, निकाल वाचावा तसं.
"चामडं कोण पितं गं?"
मग बराच वेळ पंख्याचाच आवाज.
"तू पी. गाडी मी चालवतो.
मला काय, वाइन आणि पाणी सारखंच."

मला तरी कुठे कळतं?
एकदा शाखेच्या निरोपसमारंभात, कागदी पेल्यात,
खोकल्याच्या औषधासारखी लागली होती.
पण हातगाडीवरचं एक द्राक्ष तोंडात टाकून
"आंबट आहेत" म्हणत पुढच्या गाडीवर जाणं,
हे तर मी तीस वर्षं करतेय.
चव घ्यायची आणि माल घ्यायचा नाही,
याचं शिक्षण आम्हाला कोण देणार?

डायरीचं पुढचं पान मी शब्दांसाठी ठेवलं.
तिथे मी हुंगणार, त्यांना सांगणार, तर शब्द हवेत.
कुबट. खवट. आंबूस. करपट. कोंदट. दर्प.
वाईट वासांना डझनभर सापडले,
चांगल्यांना खमंग, घमघमाट, आणि मग पेन थांबलं.
गावाचा गुण, दुसरं काय.

म्हणून माझ्याजवळचे लिहीत गेले:
चिंचेनं नुकतं घासलेलं तांब्याचं भांडं.
सकाळी दहाला लॉकरची खोली उघडल्यावर
लोखंड, जुन्या नोटा,
आणि कुणाच्या तरी शालूतली डांबरगोळी.
भूगोलाचं नवं पुस्तक.
तुमचा राखाडी स्वेटर, उन्हात तासभर टाकलेला.
हे शेवटचं खोडलं.
मग खोडलेलं वाचता येतंय का ते पाहिलं.
येत होतं. राहू दिलं.

काल फोन लावला. तिकडच्या मुलानं विचारलं,
"मॅडम, टेस्टिंग एकाचं की दोघांचं?"
मी उत्तर जुळवतेय तोवर
आतल्या खोलीतून, टायरच्या हवेचा पंप शोधता शोधता,
"दोघांचं," ते म्हणाले.
"आणि विचार, रस्त्याला लागायच्या आधी
जेवून दोन तास झोपायला खोली मिळेल का."

रात्री डायरी उघडी दिसली.
शब्दांच्या पानाला त्यांनी हात लावलेला नव्हता,
वाचलं असेल तर कळायला मार्ग नाही.
पहिल्या पानावर मात्र "सहा" वर काट,
आणि शेजारी त्यांच्या टोकदार अक्षरात:
पावणेसहा.