मोनोचं बटण

वडशात, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत
लांजेवार सरांनी भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेत,
दारावर गादी टांगली आहे.
नाटकांच्या हंगामात ते रात्रभर भोंगे सांभाळतात,
एरवी आम्हां चौघांना शिकवतात.
पहिल्या दिवशी काहीच वाजवलं नाही.
म्हणाले, डोळे मिटा, पंखा कोणत्या सुरात आहे सांगा.
प्रणय म्हणाला, तीन नंबरवर आहे, सर.

मग उमजत गेलं,
ढोलकी आणि बेस एकाच दारात अडकून उभे राहतात
आणि कुणीच आत येत नाही.
एकानं जरा वाकायचं,
थाप पडेल तेवढाच वेळ.
सर म्हणाले, बांधीतलं पाणी बघ, धुरा फोडला की...
मी म्हटलं, सर, सगळंच धानात नका नेऊ,
डेसिबलमध्ये सांगा.
वजा तीन, म्हणाले. हसले.

परीक्षेसाठी सत्यफुला मावशीचं रोवणीचं गाणं घेतलं.
घुमारा हवा होता.
संगणकातला लावला की मावशी विहिरीत पडल्यासारखी वाटे.
म्हणून आमच्या रिकाम्या कणगीत
सुतळीनं छोटा स्पीकर सोडला,
वरून फोन लोंबता धरला
आणि मावशीचा आवाज कणगीला ऐकवला.
कणगीनं तो परत दिला, थोडा उशिरा,
कोंडा लागलेला.
रुंद वाटावा म्हणून त्याचीच एक उलटी प्रत
मी पलीकडच्या बाजूला ठेवली.
मावशी डावीकडे. झील धरणाऱ्या चौघी उजवीकडे.
हेडफोन लावला की मी धुऱ्यावर उभी.

रात्री बाबांना ऐकवलं.

बाबांनी बावीस वर्षं गिरणीत धान भरडलं.
पट्टा उजव्या हाताला होता,
उजवा कान तिथंच राहिला.
घरात आम्ही सगळे त्यांच्या डावीकडे बसतो,
पाहुण्यांनाही न सांगता तिकडेच बसवतो.
आणि मी हे हेडफोन लावताना विसरले.

"सत्यफुला एकटीच रोवते का वं?
बाया कोठी गेल्या?"
मी हेडफोन उलटा लावला.
"आता बाया आल्या. सत्यफुला कोठी गेली?"
आई हसली. मी नाही.

सकाळी सरांना सांगितलं. त्यांनी एक बटण दाखवलं,
चार महिने माझ्या करंगळीजवळ असलेलं.
दाबलं की डावं-उजवं एकाच वाटेनं येतं.
दाबलं.
कणगी नाहीशी झाली.
घुमारा आणि त्याची उलटी प्रत
एकमेकांत गेले आणि काही उरलं नाही.
इतकी शांतता त्या खोलीत पंखा बंद असतानाही नसते.
"मंडपातला भोंगा एकच असतो," सर म्हणाले,
आणि पुढचं बोलले नाहीत.

अकरा दिवस गेले.
उलटी प्रत पुसली. चौघींना एकेक करून मधे घेतलं.
मावशी जिथं श्वास घेते तिथंच त्यांना जागा मिळाली,
दुसरीकडे कुठं मिळेना.
उजवी बाजू मोकळी पडली.
मग एका सकाळी सातला गिरणीत गेले,
बाबांचं स्टूल असायचं तिथं फोन धरला,
पट्ट्याची फटफट आणली
आणि ठेवली पार उजवीकडे, अगदी खाली,
वजा चोवीस.

खालच्या दुकानातून दोन हेडफोनचा जोड आणला.
बाबा आणि मी, बाजेवर.
"आता सगळ्या आल्या," म्हणाले. "पुन्हा लाव."
पुन्हा लावलं.
त्यांचा पाय बायांच्या तालावर हलत होता.
माझ्या उजव्या कानात पट्टा चालला होता.
तो तालात नव्हता.
तो मी तालात बसवलाच नाही.